लहान होत गेलेली भाकरी: पार्किन्सन्समधील हाताच्या ताठरपणाचे एक प्रकरण

"ताई, भाकरी बारकी होत चाललीया माझी." सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून सुनेसोबत आलेल्या ६६ वर्षांच्या गृहिणीने तपासणीच्या खोलीत बसल्यावर सांगितलेली ही पहिली तक्रार. सोबतच्या कागदांत मेंदूविकारतज्ज्ञांनी आठ महिन्यांपूर्वी केलेले पार्किन्सन्सचे निदान होते, औषधांची चिठ्ठी होती आणि 'उजव्या हाताचा ताठरपणा, व्यायामासाठी पाठवत आहे' असा एका ओळीचा मजकूर होता. हात आखडणे, बोटे न वळणे हे शब्द त्यांच्या बोलण्यात बऱ्याच उशिरा आले. चाळीसहून अधिक वर्षे दोन्ही वेळा ज्वारीच्या भाकरी थापणारा तो हात उंडा पूर्वीएवढाच घेत होता, पण भाकरी परातीत पसरत नव्हती. मधोमध जाड राहत होती, एका काठाला चिरा पडत होत्या आणि तव्यावर टाकताना ती मोडत होती. सुनेने त्यावर हळूच पुस्ती जोडली की पहिली भाकरी बरी होते, पाचवी सगळ्यात लहान असते.

सुनेचे हे वाक्य मी केसपेपरवर अधोरेखित करून ठेवले, कारण पार्किन्सन्समध्ये हालचाल नुसती मंदावत नाही, तर तीच हालचाल पुन्हा पुन्हा करू लागल्यावर ती आकसत जाते. लिहित्या माणसात हे अक्षरात दिसते: ओळीच्या सुरुवातीची अक्षरे ठीक असतात आणि ओळ संपेपर्यंत मुंगीएवढी होतात. या बाईंचे लिहिणे वर्षातून दोन-चार वेळा सही करण्यापुरतेच होते, त्यामुळे आकसणारे अक्षर कोणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. जे अक्षरात दिसायचे ते भाकरीत दिसत होते. त्यांचे नाव, गाव आणि ओळख पटेल असे इतर तपशील येथे दिलेले नाहीत. पुढे त्यांचा उल्लेख मी त्यांना हाक मारते तसाच 'मावशी' असा केला आहे.

निदानाआधीची तीन वर्षे

सुरुवात खांद्यापासून झाली होती. उजवा हात वर जाईना, पाठीमागे वेणीपर्यंत पोचेना, म्हणून खांदा जखडल्याचे निदान होऊन तेलमालीश, शेक आणि शेवटी खांद्यात इंजेक्शन असे उपचार वर्षभर चालले. पार्किन्सन्सचा ताठरपणा आधी खांद्यात जाणवणे आणि त्यावर खांदा जखडल्याचे उपचार होणे हे इतक्या वेळा पाहण्यात येते की साठीच्या आसपासच्या माणसाचा एकच खांदा विनाकारण जखडला असेल, तर चालताना त्या बाजूचा हात हलतो का, एवढे तरी पाहावे असे मला वाटते. मावशींचा हात चालताना हलत नव्हता. तो कोपरात किंचित वाकून पोटाशी धरलेला असे, आणि घरच्यांनी त्याचा अर्थ खांदा दुखतो म्हणून जपतात असा घेतला होता.

त्यांच्या हाताला कंप जवळजवळ नव्हताच. आपल्याकडे या आजाराला कंपवात म्हणतात आणि त्या नावामुळे, हात थरथरत नाही म्हणजे कंपवात नाही, अशी समजूत पक्की झाली आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लिहिलेल्या मूळ निबंधाच्या नावातही कंपच होता, आणि स्नायूंच्या ताठरपणाकडे त्यात लक्ष गेलेले नव्हते. ताठरपणा हे या आजाराचे वेगळे लक्षण म्हणून पुढे मांडले ते फ्रान्सचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी, आणि पार्किन्सन यांचे नाव आजाराला देण्याचा आग्रहही त्यांचाच. प्रत्यक्षात बऱ्याच रुग्णांत सुरुवातीला कंप नसतो. मंदपणा आणि ताठरपणा एवढेच असते, आणि असे रुग्ण 'वात आहे', 'वयामुळे होते' या उत्तरांवर वर्ष-दोन वर्षे सहज काढतात.

निदान झाल्यावर लेव्होडोपा आणि कार्बिडोपा या पार्किन्सन्सवरील औषधांची एकत्रित गोळी सकाळी ७, दुपारी १ आणि संध्याकाळी ७ अशी तीन वेळा सुरू झाली होती. चालण्यात फरक पडला, हातात त्या मानाने कमी. मग पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने रबरी चेंडू पाठवला आणि दिवसातून दोनशे वेळा दाबायला सांगितले. मावशींनी तो तीन महिने नेमाने दाबला. तळहात दुखू लागला आणि, सुनेच्या शब्दांत, "मूठ मिटल्यावर उघडायलाच वेळ लागू लागला."

हातात नेमके काय आढळले

मावशींचे मनगट सैल सोडायला सांगून मी ते खालीवर केले, तेव्हा हालचालीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा विरोध जाणवला, शिशाची नळी वाकवताना जाणवतो तसा. हालचालीचा वेग वाढवल्याने तो वाढला नाही. अर्धांगवायूनंतरच्या ताठरपणात वेग वाढवला की विरोध वाढतो, म्हणून दोहोंतील हा फरक हाताला कळणे आवश्यक असते. मधूनमधून दातेरी चाक फिरावे तसे हलके अडखळणेही होते. नंतर त्यांना डाव्या हाताची मूठ उघडझाप करायला सांगितली, आणि त्याच क्षणी उजव्या मनगटातील विरोध स्पष्टपणे वाढला. एका हाताने काम सुरू केले की दुसऱ्यातला ताठरपणा वर येतो, ही फ्रोमां या फ्रेंच तज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी आहे. भाकरी थापताना डावा हात काठाला आधार देऊन ती फिरवत असतो आणि उजवा थापत असतो. म्हणजे मावशींचे रोजचे काम ही चाचणी पाच भाकरींच्या हिशेबाने आपोआप करत होते.

टेबलावर ठेवलेल्या उजव्या हाताची बोटे मुळाच्या सांध्यात वाकलेली, मधल्या सांध्यात सरळ आणि एकंदरीत करंगळीकडे कललेली होती. अंगठा तळव्याला चिकटून होता. नमस्कार करायला सांगितले तेव्हा तळवे पुरते जुळले नाहीत, मध्ये फट राहिली. मात्र मी दोन्ही बाजूंनी हळूहळू दाब देत अर्धा मिनिट थांबले, तेव्हा ते जुळले. हे फार महत्त्वाचे होते. जुन्या मधुमेहातही नमस्कारात अशी फट दिसते, पण तेथे सांध्यांभोवतीची ऊतीच आखडलेली असल्याने दाब देऊनही ती मिटत नाही. मावशींना मधुमेह नव्हता आणि त्यांचे सांधे अजून शाबूत होते. अडचण स्नायूंच्या सततच्या ताणात होती. तो ताण वर्षानुवर्षे तसाच राहिला असता, तर सांधेही हळूहळू आखडले असते.

अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दहा वेळा आपटायला सांगितल्यावर पहिल्या चार वेळा बोटांमधले अंतर चांगले होते, सातव्या वेळी ते निम्म्यावर आले आणि नवव्या वेळी हात क्षणभर अडला. नऊ छिद्रांच्या फळीत नऊ खुंट्या बसवून परत काढायला उजव्या हाताला ४३ सेकंद लागले, डाव्याला ३१. हाताची पकड मात्र उजवीकडे १९ किलो आणि डावीकडे २० किलो भरली, म्हणजे बळ कमी नव्हते. मुंग्या येत नव्हत्या, स्पर्शज्ञान नीट होते, त्यामुळे मनगटात शीर दबल्याची शंका ठेवण्याचे कारण नव्हते.

सर्वांत उपयोगी मोजमाप घरी झाले. सुनेने आठवडाभर रोज सकाळी सारख्या आकाराचे पाच उंडे करून दिले, मावशींनी थापलेली प्रत्येक भाकरी तव्यावर जाण्याआधी शिवणकामाच्या टेपने मोजली आणि परातीचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. पहिली भाकरी सरासरी १९ सेंटिमीटर, पाचवी साडेचौदा. दवाखान्यातल्या कोणत्याही फळीने आणि खुंटीने हा आजार मला इतका स्पष्ट दाखवला नव्हता.

चेंडू का बंद केला

पार्किन्सन्सच्या रुग्णाला चेंडू दाबायला सांगणे हा सल्ला इतका रुळला आहे की तो कोणी दिला हे विचारण्यातही अर्थ नाही. शेजारी देतात, नातेवाईक देतात, कधी आमच्याच व्यवसायातले लोक देतात. पक्षाघातानंतर पकड कमजोर झालेल्या काही हातांना त्याचा उपयोग होतो. मावशींच्या हातात बळाची उणीव नव्हती. या आजाराचा ताण हाताला मिटण्याच्या, वाकण्याच्या दिशेने ओढत असतो, आणि चेंडू दाबणे त्याच दिशेचे काम दिवसातून दोनशे वेळा करवून घेते. शिवाय दोनशे ही संख्याच चुकीची, कारण सातव्या-आठव्या खेपेपासून हालचाल आकसू लागते, आणि पुढच्या एकशे नव्वद खेपांत हात लहान हालचालीचाच सराव करतो.

म्हणून पहिल्या भेटीत व्यायाम देण्याऐवजी मी एक व्यायाम काढून घेतला. मावशींना ते फारसे रुचले नाही. मुलाने पाठवलेली वस्तू आहे, आणि ती वापरली नाही तर त्याला वाईट वाटेल, हे त्यांनी दोनदा सांगितले. अखेर तोच चेंडू टेबलावर ठेवून त्यावर तळहात सपाट पसरायचा आणि पुढे-मागे गडगडवायचा, अशी तडजोड झाली. त्यात बोटे आपसूक उघडी राहतात.

गोळीची वेळ

आठवडाभराच्या फोटोंवर वेळ उमटलेली होती, आणि त्यावरून दुसरी गोष्ट लक्षात आली. भाकरी सकाळी ६ वाजता थापल्या जात होत्या आणि दिवसाची पहिली गोळी ७ वाजता, तीही कपभर दुधासोबत. कार्बिडोपासह घेतलेल्या लेव्होडोपाचे रक्तातील प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. म्हणजे आदल्या संध्याकाळच्या गोळीचा पहाटेपर्यंत मागमूसही उरत नव्हता, आणि दिवसातले सर्वांत नाजूक हातकाम मावशी दिवसातल्या सर्वांत आखडलेल्या हाताने करत होत्या. त्यात दुधातील प्रथिने आतड्यातून रक्तात जाण्याच्या वाटेवर लेव्होडोपाशी स्पर्धा करतात, त्यामुळे गोळी काही अंशी वाया जात होती ती वेगळीच.

गोळीची वेळ बदलणे हे माझे काम नाही. मी फोटो, मोजमापे आणि वेळा यांची एक चिठ्ठी करून मेंदूविकारतज्ज्ञांना पाठवली. त्यांनी पहिली गोळी पहाटे सव्वापाचला, साध्या पाण्यासोबत आणि दुधाचा चहा किंवा खाण्याच्या किमान अर्धा तास आधी घ्यायला सांगितली. एकूण मात्रा वाढवली नाही. पुढचे दोन आठवडे मी मुद्दाम एकही नवा व्यायाम दिला नाही, कारण दोन्ही गोष्टी एकदम केल्या असत्या तर कोणत्या उपायाने किती फरक पडला हे कधीच कळले नसते. दोन आठवड्यांनी पहिली भाकरी २० आणि पाचवी १७ सेंटिमीटर भरली. एकही व्यायाम न करता पाचवी भाकरी अडीच सेंटिमीटरने वाढली, हे व्यायाम शिकवणाऱ्यांनी जरा नम्रपणे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

व्यायाम

कार्यक्रम दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी वीस मिनिटांचा, आणि गोळी घेतल्यानंतर साधारण पाऊण तासाने करायचा असे ठरले. आधी कोमट पाण्यात हात पाच मिनिटे बुडवून ठेवायचा. पाण्याची ऊब सुनेने तपासायची. शेकाने ताठरपणा जात नाही, फक्त पुढची ताणण्याची क्रिया सुसह्य होते, एवढेच त्याचे काम. मग खुर्चीत बसून धड डावीकडे-उजवीकडे वळवत दोन्ही हात सैल झुलवायचे. हाताच्या व्यायामात धड कशाला, असे मावशींनी विचारले. खांदा आणि पाठ लाकडासारखी असताना नुसती बोटे मोकळी करण्याचा प्रयत्न केला तर ती दोन मिनिटांत पुन्हा मिटतात, आणि सावकाश, लयीत केलेल्या वळण्याने वरपासूनचा ताण उतरतो, हे त्यांना करून पाहिल्यावरच पटले.

मनगटासाठी नमस्कार. तळवे छातीपाशी जुळवायचे, कोपरे बाजूला काढायची आणि तळवे सुटू न देता हात हळूहळू बेंबीकडे खाली न्यायचे. जेथे ओढ जाणवेल, पण दुखणार नाही, तेथे अर्धा मिनिट श्वास मोजत थांबायचे. झटका द्यायचा नाही. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात फिरण्यासाठी लाटणे घेतले: ते मधोमध धरून कोपर कमरेला टेकवायचे आणि लाटण्याची टोके डावीकडे-उजवीकडे जमिनीला समांतर होईपर्यंत हात पालथा-उताणा करायचा. लाटणे लांब असल्याने हालचाल किती पुरी झाली हे डोळ्यांना लगेच दिसते. रुग्णाला आपली आकसलेली हालचाल पुरेशी मोठी वाटत असते, म्हणून डोळ्यांना दिसणारी खूण लागतेच.

यानंतर मुख्य क्रिया होती पंजा उघडण्याची. हलकी मूठ करायची आणि सणावाराला अंगणात सडा शिंपताना हात झटकतात तसा पंजा एकदम, पुरता, बोटांमध्ये फटी पडेपर्यंत उघडायचा. दहाच वेळा. दहानंतर अर्धा मिनिट थांबायचे आणि मग दुसरे दहा. सूचना एकच, 'मोठा'. 'भरभर' हा शब्द घरात कोणी वापरायचा नाही, कारण वेग मागितला की पार्किन्सन्सचा हात आकारात काटछाट करून वेग देतो. हालचालीचा आकार मोठा ठेवण्याचे हे तत्त्व काही नवे नाही. त्यावर आधारलेल्या 'एलएसव्हीटी बिग' या उपचारपद्धतीची बर्लिनमध्ये चाचणी होऊन तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, आणि तेथे चार आठवड्यांत सोळा तास तज्ज्ञासमोर केलेला मोठ्या हालचालींचा सराव हा घरी आपापल्या केलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरला होता. खेड्यातून येणाऱ्या माणसाला चार आठवड्यांत सोळा खेपा जमत नाहीत. मावशी दर पंधरा दिवसांनी येत आणि मधल्या काळात सून व्हिडिओ पाठवी.

अंगठ्यासाठी बोटांची पेरे. जप करताना अंगठ्याने बोटांची पेरे मोजण्याची, करमाळा म्हणून ओळखली जाणारी रीत मावशींना लहानपणापासून येत होती. (करमाळा हे त्यांच्याच जिल्ह्यातले तालुक्याचे गाव असल्याने या नावावर त्या दरवेळी हसत.) अंगठा एकेका पेरावर नीट टेकवायचा, आणि प्रत्येक पेरानंतर पंजा पुरता उघडून मगच पुढच्या पेरावर जायचे. बारा पेरे झाली की हात झटकायचा. नामस्मरण तेवढ्यात होत असल्याने हा एक व्यायाम त्यांनी कधीच चुकवला नाही.

पाचही बोटांच्या टोकांभोवती रबरबँड घालून त्याच्या विरोधात बोटे फाकवण्याचा व्यायाम मात्र फसला. घरात सापडलेला रबरबँड फार कडक होता, त्याने करंगळीच्या कडेला वळ उठला आणि दोन दिवस ती सुजली. चूक माझी होती. कोणता रबरबँड घ्यायचा हे मी दाखवले नव्हते, सांगितले होते. पुढे रुंद, सैल इलॅस्टिकची पट्टी शिवून घेतली.

परातीतला सराव

कोणतीही हालचाल सुटी शिकवली, तरी ती कामात उतरतेच असे नाही. खुंट्यांचा सराव केलेला हात खुंट्या चांगल्या बसवतो, ब्लाउजचे हूक लावेलच याची हमी नसते. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून भाकरी थापणे हाच व्यायाम केला. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने तिचे पीठ गव्हाच्या कणकेसारखे ताणले जात नाही. आधणाच्या पाण्यात भिजवून, तळव्याने रगडून आणलेला चिकटपणा तेवढा तिला धरून ठेवतो. ते सपाट, उघड्या हातानेच थापावे लागते. बोटे जरा वाकली की टोकांचे खळगे पडतात आणि काठ फाटतो. म्हणजे हात उघडा ठेवला आहे की नाही, याचा निर्णय दर थापेला भाकरीच देते. असे साधन मला कोणत्याही दुकानात मिळाले नसते.

परातीच्या तळाशी २२ सेंटिमीटरचे वर्तुळ रंगीत खडूने आखून त्यावर पातळ प्लास्टिक अंथरले. पीठ सरावाचे, तेच पुन्हा मळून घ्यायचे. तवा आणि चूल या प्रकारात नाही, कारण हात मध्येच अडतो आणि भाजण्याचा धोका खरा असतो. नेहमीच्या स्वयंपाकात थापलेली भाकरी तव्यावर टाकण्याचे काम सुनेने घेतले. मावशी जमिनीवर पाटावर बसून थापत, त्यामुळे धड पुढे वाकून कोपर मांडीला अडत होते. परात टेबलावर ठेवून खुर्चीत बसा, असे मी सुचवले, तेव्हा उत्तर आले, "टेबलावर काय भाकरी हुती व्हय?" शेवटी परात चौरंगावर आली आणि मावशी थोड्या उंच पाटावर. तेवढ्याने कोपर मोकळे झाले.

आखलेली कड डोळ्यांना लक्ष्य देते, तसेच कानाला लय लागते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ज्या केंद्रांमुळे सवयीच्या हालचाली आपोआप, योग्य आकारात होतात, तीच केंद्रे डोपामिन या मेंदूतील रसायनाच्या अभावी या आजारात दुबळी होतात. बाहेरून मिळालेली खूण आणि जाणूनबुजून दिलेले लक्ष यांच्या आधारे मेंदू दुसऱ्या वाटेने तेच काम करून घेऊ शकतो. मावशींना जात्यावरच्या ओव्या येत होत्या. ओवीच्या लयीत थापायचे, दर ओवीनंतर थांबून पंजा उघडायचा आणि भाकरी वळवून पुढे जायचे, असा क्रम बसला.

पण लक्ष देण्याची एक बाजू घरच्यांना समजायला वेळ लागला. मावशींचे यजमान मायेपोटी समोर बसत आणि "मोठा कर, बोटं सरळ, घाई नको" असे सतत सांगत. एका व्हिडिओत मावशी थापता थापता त्यांना उत्तर देऊ लागल्या, आणि बोलणे चालू असेपर्यंतच्या थापा मोजून निम्म्या आकाराच्या झाल्या. तो व्हिडिओ मी यजमानांना दाखवला, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितले की मी फक्त आकडे मोजतो. पुढे तेही त्यांनी जवळजवळ मौनात केले.

आठ आठवड्यांनंतर

व्यायाम सुरू झाल्यापासून आठ आठवड्यांनी, सकाळी ६ वाजताच, पहिली भाकरी साडेएकवीस आणि पाचवी २० सेंटिमीटर भरली. पहिली आणि पाचवी यांतील तफावत साडेचार सेंटिमीटरवरून दीडवर आली, आणि माझ्या मते मोठेपणापेक्षा हे कमी झालेले आकसणे अधिक अर्थपूर्ण आहे. नऊ खुंट्यांना ४३ ऐवजी ३५ सेकंद लागले. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पसरलेला पंजा साडेसोळावरून १८ सेंटिमीटर झाला. नमस्कारातली फट विनादाब मिटत होती.

मनगट हलवताना जाणवणारा ताठरपणा मात्र हलका कमी झाला, गेला नाही. व्यायामानंतर तास-दीड तास तो स्पष्ट उतरतो आणि पुन्हा येतो. ब्लाउजच्या हुकांत काहीच सुधारणा झाली नाही. तेथे सराव सोडून हुकांच्या जागी टिचबटणे लावून घेतली आणि प्रश्न मिटला. प्रत्येक गोष्ट व्यायामाने सोडवायची हा हट्ट मी आता करत नाही.

मोजमाप करणारी घरचीच व्यक्ती होती, मावशींना टेपवरचे आकडे रोज दिसत होते आणि रुग्ण एकच आहे. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला बरे वाटावे, ही इच्छा आकड्यांत किती शिरली असेल हे मला वेगळे काढता येत नाही. या संदर्भात मावशींनीच सांगितलेली एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: एस.टी.ने दोन तासांचा प्रवास करून आले की हात मोकळा वाटतो. शार्को यांच्या रुग्णांनीही एकोणिसाव्या शतकात आगगाडीच्या आणि घोडागाडीच्या प्रवासाबद्दल हेच सांगितले होते, आणि त्यावरून त्यांनी चक्क हादरे देणारी खुर्ची बनवून घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तशी खुर्ची पुन्हा पारखली गेली, तेव्हा खुर्ची हलली काय आणि न हलली काय, दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. मावशींना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, मग एस.टी.त नुसतं बसूनच बरं वाटत असेल.

व्यायाम सुटल्यावर काय होते, हेही या प्रकरणात पाहायला मिळाले. चौथ्या महिन्यात गावची जत्रा आणि घरातले एक लग्न लागोपाठ आले, बारा दिवस एकही व्यायाम झाला नाही, गोळ्या मात्र वेळेवर चालू होत्या. पाचवी भाकरी १८ सेंटिमीटरवर आली. ती पुन्हा २० वर यायला तीन आठवडे लागले. स्वित्झर्लंडमध्ये बोटांच्या कौशल्यासाठी चार आठवडे घरी करायच्या सरावाची जी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही सराव संपताना दिसलेला फायदा बारा आठवड्यांनंतर टिकलेला नव्हता. या व्यायामांचा कोर्स करायचा नसतो, गोळीसारखेच ते रोज चालू ठेवायचे असतात. गावात सोबत करणारे कोणी नसल्याने कंटाळा येणे स्वाभाविक आहे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटात एकमेकांच्या आधाराने जे टिकते, ते येथे सून, ओवी आणि परात यांच्यावर टिकून आहे.

सहाव्या महिन्याच्या भेटीत उजवा हात होता तसाच होता. डाव्या मनगटात मात्र पहिल्यांदा, उजव्या हाताने मूठ उघडझाप करत असताना, हलका विरोध जाणवला. मावशींना तो जाणवलेला नव्हता. करमाळा आणि लाटण्याचा व्यायाम त्याच दिवसापासून दोन्ही हातांनी करायला सांगितला, मेंदूविकारतज्ज्ञांना कळवले, आणि सुनेने टेप पिशवीत टाकताना विचारले की आता डाव्या हाताचं काय मोजायचं. डावा हात भाकरी थापत नाही, तो फिरवतो. सध्या आम्ही एका भाकरीमागे तो किती वेळा अडखळतो, ते मोजत आहोत.